उलट्या आट्याचा व्हॉल्व्ह

चावीकाकांना खरं नावही होतं, पण ते हजेरीपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. अख्ख्या वस्तीत ते चावीकाका. त्यांच्या बायकोला कुणी चावीकाकू म्हटलं की मात्र ती भडकायची. "चावी त्यांच्या खांद्यावर असते, माझ्या नाही. मला नुसतं काकू म्हणा," असं ज्याला त्याला ठणकावून सांगायची. म्हणून आपणही तिला नुसतं काकूच म्हणू, उगाच कशाला भांडण.

चावी म्हणजे कुलपाची नव्हे बरं का. माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढी लांब लोखंडी चावी, वर आडवी दांडी, खाली चौकोनी तोंड. रस्त्यात चेंबरची झाकणं असतात ना, ज्यांना ठेच लागली की आपण शिव्या घालतो, ते झाकण उचलायचं, आत ही चावी घालायची आणि फिरवायची. त्या गल्लीला पाणी सुटलं. एवढंच काम, एकतीस वर्षं. ऐकायला सोपं आहे, करून बघा. एकशे बारा व्हॉल्व्ह. कुठला किती वाजता, किती फेरे, कुणाकडे पाणी वळवलं की कुणाचा नळ नुसता फुसफुसतो, हे सगळं काकांच्या डोक्यात. ऑफिसात एक नकाशा होता, पण तो भिंतीची ओल झाकायला लावलेला, आणि त्यात निम्मे व्हॉल्व्ह भलत्याच जागी.

पाणी आलं नाही की लोक काकांना दिसतील तिथे धरायचे. बाजारात, बसमध्ये, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत, तोंडाला साबण असताना. काका चिडायचे नाहीत. म्हणायचे, "अहो बाई, तुमच्या नळाला नाही म्हणजे जगात पाणी नाही असं कुठे आहे? टेकडीवरच्यांचं भरू दे. ते भरलं की दाब तुमच्याकडेच येणार, जाणार कुठे?" बाई पुटपुटत घरात जायची आणि वीस मिनिटांनी नळ भसकन सुरू व्हायचा. काकांना त्याचा कोण आनंद!

त्यांचा देवही याच कामातून आलेला होता. मोठमोठे ग्रंथ वाचलेला माणूस नव्हता तो. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपण आपापल्या नळापाशी उभे असतो, म्हणून बोंबलतो. वर जो आहे त्याला सगळी लाइन दिसते. "त्याच्या हातून काही सुटत नाही," हे त्यांचं एक वाक्य. कुणी आजारी पडलं, कुणाची नोकरी गेली, कुणाचं लग्न मोडलं, की काका हेच म्हणायचे. काही लोकांना त्याने धीर यायचा आणि काही लोक वैतागायचे.

वैतागणाऱ्यांत पहिला नंबर शिंपीमास्तरांचा. मास्तर म्हणजे काकांचे जिवाभावाचे दोस्त, तीस वर्षांचे, आणि देव न मानणारे. जुन्या गल्लीत खाली दुकान, वर दोन खोल्या. काका देवाचं काही बोलायला लागले की मास्तर टेप गळ्यातून काढून हातात धरायचे. "तुझ्या देवाचं माप आण बाबा. एक कोट शिवून देतो, फुकट. बघू तरी किती मोठा आहे ते." काका हसायचे. वरच्या खिडकीतून मास्तरांची बायकोही हसायची. काका तिला वहिनी म्हणत. चार वर्षांपूर्वी वहिनींची डावी बाजू गेली होती. तेव्हापासून त्या खिडकीजवळच्या पलंगावर असायच्या. मास्तर त्यांना भरवायचे, कूस वळवायचे, केस विंचरून वेणी घालायचे. वेणी मात्र फार वाईट घालायचे. "आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, आणि बायकोची वेणी तिरकी," असं वहिनी म्हणायच्या, अर्धं तोंड हलायचं तेवढ्यात.

आता या गल्लीचं एक वेगळंच प्रकरण होतं. जगातला कुठलाही व्हॉल्व्ह डावीकडे फिरवला की उघडतो, उजवीकडे फिरवला की मिटतो. जुन्या गल्लीतले तीन व्हॉल्व्ह उलट्या आट्यांचे होते. कधीकाळी कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीने लाइन टाकलेली, त्यांची पद्धतच निराळी. डावीकडे फिरवलं की हे तिन्ही मिटायचे. कुठे लिहिलेलं नव्हतं, नकाशावरही नव्हतं. काका ज्यांच्या हाताखाली शिकले त्या म्हाताऱ्या वस्तादांनी ते त्यांना तोंडी सांगितलं, आणि एक सवय लावून दिली. उलट्या व्हॉल्व्हपाशी आलं की आधी डाव्या पायातला बूट काढायचा, मगच चावी घालायची. "डोकं विसरतं," वस्ताद म्हणायचे, "हात तर फार मूर्ख, तो रोजचंच करतो. पण उघडा पाय जमिनीवर टेकला की तो गप्प बसत नाही."

काका एकतीस वर्षं ते पाळत आले. थंडीत, चिखलात, अंगात ताप असताना. तिघांपैकी एक व्हॉल्व्ह बरोबर मास्तरांच्या खिडकीखाली होता. गल्लीतली पोरं म्हणायची, काकांचा देव त्या झाकणाखाली राहतो, म्हणून ते बूट काढतात. मास्तर दुकानातून ओरडायचे, "आला रे आला, माझा एकबुट्या आला!" आणि वर खिडकीत वहिनी उजवा हात वर करायच्या. रोज सकाळी, न चुकता.

मग ते दिवस आले.

कुणी सुरू केलं, कशावरून केलं, ते आजही दोन माणसं एकसारखं सांगत नाहीत. आधी दुकानं फुटली, मग माणसं. रेडिओ एक सांगायचा, शेजारी दुसरंच. फोन बंद पडले. संचारबंदी लागली आणि दुपारी दोन ते चार एवढीच सूट. आज कुठली गल्ली पेटणार, एवढंच बोलणं. काकांना कामासाठी पास मिळाला होता. चावी खांद्यावर टाकून ते ओस रस्त्यांवरून एकटे फिरायचे. खिडक्या किलकिल्या व्हायच्या आणि आतून कुणीतरी दबक्या आवाजात विचारायचं, "काका, काय होणार हो?"

"त्याच्या हातून काही सुटत नाही," काका म्हणायचे. "तुम्ही बादल्या भरून ठेवा."

लोकांना खरंच धीर यायचा. सगळं जग उलटंपालटं झालेलं, पण चावीकाका येतात आणि पाणी येतं, म्हणजे अजून काहीतरी जागेवर आहे, असं वाटायचं. काकांनाही मनातून वाटायचं, आपल्याला त्याने याच दिवसांसाठी ठेवलं होतं. थोडा गर्व होता त्यात. माणूसच तो.

आठव्या दिवशी, दोन ते चारची सूट असताना, मास्तर वहिनींचं औषध आणायला बाहेर पडले. तीन दुकानं पालथी घालावी लागली त्यांना. त्याच वेळात जुन्या गल्लीत टोळकं शिरलं आणि मास्तरांच्या शेजारचं गाद्यांचं दुकान पेटवून पसार झालं. गाद्यांचं दुकान ते! कापूस, कापड, लाकूड. बघता बघता ज्वाळा मास्तरांच्या जिन्याला लागल्या.

बंब आला, पण सकाळपासून चार आगी विझवून आलेला, टाकी रिकामी. त्यांनी गल्लीच्या तोंडाशी पाइप जोडला. पाणी आलं, पण बारीक, कारण खिडकीखालचा व्हॉल्व्ह काका नेहमी अर्धाच उघडा ठेवायचे. बंबवाला ओरडला, "दाब वाढवा! कुणीतरी दाब वाढवा!" तोवर काका पळत पोहोचलेच होते. छाती फुटायची बाकी. साठीला टेकलेला माणूस, खांद्यावर ती लोखंडाची चावी.

वर खिडकीत धूर होता. धुरात वहिनी होत्या. खिडकीला गज होते. काकांनी वर बघितलं, आणि वहिनींनी त्यांना बघितलं, आणि उजवा हात वर केला. तसाच, रोजच्यासारखा. काका आले म्हणजे पाणी आलं, अशा खात्रीने.

गल्लीभर फुटक्या काचांचा खच होता. काकांनी बूट काढला नाही. कसा काढणार? आणि तोंडाने एकसारखा जप चालू होता, "देवा, तुझ्या हातात आहे, देवा, तुझ्या हातात आहे." चावी घातली आणि सगळा जोर लावून डावीकडे फिरवली. सात फेरे. शेवटचा फेरा घट्ट लागला तेव्हा त्यांना वाटलं, झाला पूर्ण उघडा.

पाइप ढिला पडला. होतं तेवढं बारीक पाणीही गेलं.

काकांना वाटलं, लाइन फुटली. असल्या दिवसांत काय फुटणार नाही? ते वरच्या पाण्याच्या टाकीकडे धावत सुटले. चढ आहे तिथे. टाकीपाशी दाबाचा काटा बघितला, तर तो पूर्ण वर, जागचा हललेला नाही. लाइन धडधाकट होती. काटा बघता बघता काकांना स्वतःच्या दोन्ही पायांतले बूट दिसले.

ते परत कसे आले ते त्यांनाच ठाऊक नाही. उजवीकडे फिरवलं, पाणी धो धो आलं. बंबवाल्यांच्या नोंदीत पुढे आलं की पाणी अकरा मिनिटं बंद होतं. जिना त्याआधीच कोसळला होता.

मास्तर आले तेव्हा हातात औषधाची पिशवी होती. माणसांनी त्यांना धरलं होतं. काका पुढे झाले आणि त्यांनी मास्तरांना मिठी मारली. काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडाला जे वाक्य एकतीस वर्षं बसलेलं होतं, तेच बाहेर पडलं. "मास्तर, त्याच्या हातून काही सुटत नाही रे. त्याच्या मनात होतं."

आता खरी गोष्ट इथून सुरू होते, आणि ती सांगताना माझाही जीव वरखाली होतो. मास्तरांनी ते वाक्य धरलं. आयुष्यभर ज्याची टर उडवली, तेच धरलं. घर जळून गेलेलं, म्हणून काका त्यांना आपल्याकडे घेऊन आले आणि बाहेरच्या खोलीत त्यांची खाट टाकली. मास्तर दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पुढे दंगल निवली, दुकानं उघडली, शाळा भरल्या, पण मास्तर होते तिथेच. दुपारी काका कामावरून आले की उठून बसायचे आणि म्हणायचे, "म्हण ना ते."

"काय?"

"ते तुझं. त्याच्या हातून सुटत नाही, ते."

काका म्हणायचे. मास्तर डोळे मिटून ऐकायचे आणि मग दोन घास खायचे. काकू ताटाकडे बघून डोळ्याला पदर लावायची. तिला वाटायचं, माझ्या नवऱ्याने एका माणसाला जगवलं.

आगीनंतर लगेच ऑफिसातल्या साहेबांनी काकांना बोलावून घेतलं होतं. "अपुरा दाब असं लिहितो अहवालात. तुमचं काही वेगळं म्हणणं?" काकांनी मान हलवली, म्हणजे काही नाही अशी. साहेबांनी कागद पुढे केला, काकांनी सही केली. संपलं. कुणाला कळायचं कारणच नव्हतं. उलटे आटे माहीत असलेला दुनियेत दुसरा माणूस नव्हता, वस्ताद कधीच गेले होते.

आणि काकांचं काय? काका देवाशी बोलेनासे झाले. पूर्वी रस्त्याने जाता जाता बोलायचे, शेजारच्या माणसाशी बोलावं तसे. आता तोंड उघडलं की खिडकीतला हात दिसायचा. त्याच्या मनात होतं म्हणावं, तर आपला हात त्यानेच डावीकडे फिरवला असं होतं, आणि असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना. त्याच्या मनात नव्हतं म्हणावं, तर मग सगळंच सुटलेलं. जग म्हणजे नुसतं एक पेटलेलं दुकान, आणि वर कुणीच नाही. दोन्हीकडून भिंत. त्यात रोज दुपारी मास्तरांना ते वाक्य सांगायचं.

महिन्याभराने त्यांनी काकूला सांगितलं. ती भाजी चिरत होती. सगळं ऐकून घेतलं. सुरी खाली ठेवली.

"सांगू नका त्यांना," ती म्हणाली. "त्या माणसापाशी आता काय उरलंय? बायको गेली, घर गेलं. एक देव उरलाय तेवढा."

"तोही मीच दिलेला. खोटा."

"देव खोटा नाही हो," काकू म्हणाली. "तुम्ही खोटे."

बोलून बसली आणि तिचं तिलाच रडू फुटलं. बत्तीस वर्षांच्या संसारात असं कधी बोलली नव्हती. बऱ्याच वेळाने नाक पुसून म्हणाली, "सांगणार असाल तर सांगा. पण मी घरात नसताना. मला ते बघवणार नाही."

तरी काका रोज उद्यावर ढकलत होते. सांगितलं तर मास्तर मरतील, असं स्वतःला सांगायचे. त्यात थोडं खरं होतं आणि बरंचसं भय होतं. मित्र जाईल, लोक थुंकतील, काम जाईल. काय काय जाईल याची यादी मनात रोज लांबत होती.

एका दुपारी काकू शेजारी गेली होती. काका आले तर मास्तर आधीच उठून बसलेले. आज त्यांनी वाक्य मागितलं नाही.

"एक विचारू का तुला?" मास्तर म्हणाले. "तुला त्यातलं कळतं म्हणून विचारतो. त्याच्या हातून काही सुटत नाही ना? सगळं त्याच्या मनात असतं ना?"

काकांनी खांद्यावरची चावी भिंतीला टेकवली.

"मी त्या दिवशी खालच्या दाराला बाहेरून कुलूप लावून गेलो होतो. आदल्या दिवशी लोक घराघरांत घुसत होते, म्हणून. ती एकटी वर, म्हणून. आग लागल्यावर गल्लीतल्या लोहाराने ते तोडायला घेतलं होतं म्हणे, पण तुटेना. मीच आणलं होतं ते, चांगलं दणकट बघून." मास्तरांचा आवाज अगदी साधा होता, माप सांगावं तसा. "मग मला एवढंच सांग. ते कुलूप त्याने लावलं की मी लावलं? तू म्हणालास त्याने, तर मी जगेन. तू म्हणशील ते मी मानेन. मी लावलं असेन तर मला नाही जगता येणार रे."

बघा, किती सोपं होतं! एक शब्द. "त्याने." मास्तर जगले असते आणि काकाही सुटले असते. काकांनी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. पण समोर मास्तर बसलेले, दाढी वाढलेले, लहान मुलासारखे त्यांच्या तोंडाकडे बघत. त्यांना खोटं देव म्हणून पाजायचं काकांच्याने झालं नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "पाणी मी बंद केलं."

"काय?"

"लाइन फुटली नव्हती. दाब होता. तुझ्या खिडकीखालचा व्हॉल्व्ह मी उलटा फिरवला. काचा होत्या म्हणून बूट काढला नाही, आणि हात विसरला. अकरा मिनिटं."

मास्तरांनी एकेक गोष्ट विचारली. कुठून आलास? किती फेरे दिलेस? टाकीपर्यंत किती वेळ लागला? जिना कधी पडला? काकांनी सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. शेवटी मास्तरांनी विचारलं, "ती दिसली का तुला?"

काकांना वाटलं होतं, हे विचारणार नाहीत.

"दिसल्या."

"काय करत होती?"

"हात वर केला त्यांनी. मला बघून."

मास्तरांच्या तोंडातून एक आवाज निघाला. तो कसला होता ते सांगता येत नाही. ते उठले, चपला शोधायला लागले, एकच सापडली, तशीच पायात घालून दारापर्यंत गेले. तिथे वळले.

"आणि त्याच दिवशी मला मिठी मारून म्हणालास, त्याच्या मनात होतं."

"हो."

"दीड महिना."

"हो."

मास्तर गेले.

दुसऱ्या दिवशी काका ऑफिसात गेले आणि साहेबांना म्हणाले, अहवाल चुकीचा आहे, दुसरा लिहा. साहेब कावले. "मिटलेलं प्रकरण कशाला उकरता? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" काकांनी उभ्याउभ्या स्वतःच्या हाताने लिहून दिलं. तिन्ही उलटे व्हॉल्व्ह कुठे आहेत, तेही लिहिलं, खुणा करून. साहेबांनी चौकशी होईपर्यंत त्यांना कामावरून बाजूला केलं आणि चावी जमा करून घेतली. वस्तीत बातमी वाऱ्यासारखी पसरली. काही बायका काकूशी बोलेनाशा झाल्या. ज्या खिडक्यांतून लोक काय होणार हो म्हणून विचारत होते, त्या काका समोरून गेले की मिटायला लागल्या. काकांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पण मास्तरांच्या काळजीने त्यांना जेवण जाईना. मास्तर जुन्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडे आहेत असं कळलं, तशी काकू तिथे जाऊन गुपचूप बघून आली. मास्तर त्याच्या दुकानात मागच्या बाजूला पडून होते. जिवंत आहेत, एवढं तिने येऊन सांगितलं. काकांनी पुढचं विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी दार वाजलं. मास्तर होते. काकू लगबगीने चहाचं बघायला आत गेली, खरं म्हणजे तिला उभं राहवेना.

मास्तर खाटेच्या कडेला बसले. "मी तुला माफ करायला आलेलो नाही," ते म्हणाले. "ते मला जमेल असं वाटत नाही. आधीच सांगून ठेवतो."

"बरं."

"तिथे पडल्यापडल्या मी म्हटलं, चला, सुटलो. हा खोटा निघाला म्हणजे याचा देवही खोटा. पहिल्यासारखं होऊ. पण नाही रे होत." मास्तरांनी डोळे पुसले, रागाने पुसावेत तसे. "तिच्याशी बोलायला गेलो की मधे तोच येतो. तिच्यापर्यंत जायला मला दुसरी वाटच नाही आता. तू लावून दिलंस हे. आता काय करू मी? शिव्या द्यायच्या तरी त्यालाच द्याव्या लागतात."

काका खाली बघत होते.

"तू सांगितलंस का त्याला?" मास्तरांनी विचारलं.

"कुणाला?"

"त्याला. वरच्याला. तू काय केलंस ते."

"नाही. तोंड उघडत नाही मास्तर. एवढी वर्षं सगळ्यांना सांगत फिरलो. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

"माझ्याकडे आलास ना? मग त्याच्याकडे जायला काय झालं?" मास्तर ओरडलेच. आतली भांडी वाजायची थांबली. "सांग. माझ्यासमोर सांग. मला ऐकायचंय. ते मोठं मोठं नको, लाइनबिइन नको. खरं सांग."

काकांनी हात जोडले. जोडलेले हात गुडघ्यांमध्ये धरले.

"देवा," ते म्हणाले. "देवा, मी उलटी फिरवली. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी उलटी फिरवली." पुढे त्यांना बोलता येईना. आयुष्यात पहिल्यांदा ते दुसऱ्या माणसासमोर रडले, तोंड वेडंवाकडं करून, आवाज काढून. दारात काकू येऊन उभी राहिली होती, तीही रडत होती.

मास्तरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. ते नुसते बसून राहिले. मग त्यांनी मान खाली घातली. हात कसे ठेवायचे ते त्यांना कळेना, म्हणून मांडीवर पालथे ठेवले.

"आणि मी कुलूप लावलं," ते म्हणाले. "ती वर एकटी होती. तिला डाव्या कुशीवर झोपवू नकोस, दुखतं तिला. आम्हाला दोघांना नाही सांभाळता आली. आता तू सांभाळ."

एवढं बोलून ते थांबले. पुढे काय म्हणायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी काकांकडे बघितलं. काकांनाही माहीत नव्हतं.